घर पाहावं बांधून, दुसऱ्याचं

जुलै लागला की मिरज-सांगलीत ‘काय, बरं आहे का?’ हा प्रश्न बंद होतो आणि ‘किती फूट?’ हा सुरू होतो. हे फूट सांगलीच्या आयर्विन पुलापाशी मोजायचे. पूल १९२९ सालचा, त्या वेळच्या व्हाइसरॉयच्या नावाचा. व्हाइसरॉयसाहेबांनी काय दिवे लावले ते इथं कुणी सांगू शकणार नाही, पण त्यांच्या पुलाला कुठल्या साली किती पाणी लागलं ते शेंबडं पोरही सांगतं. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. चाळीसला लोक कणसं खात पाणी बघायला जातात, पंचेचाळीसनंतर पाणीच लोकांना बघायला येतं. २००५ साली ते ५३ च्या वर गेलं, तेव्हा ‘असा पूर पुन्हा होणे नाही’ असं जाणकारांनी सांगून टाकलं. २०१९ साली ते ५७ च्या वर गेलं. २०२१ साली पुन्हा ५४ च्या पुढं. जाणकार आता फक्त अलमट्टी धरणावर बोलतात. कोयनेचे १०५ टीएमसी आणि अलमट्टीचे १२३ यांचा हिशेब आमच्याकडं चहाच्या टपरीवर ज्या ठामपणानं होतो, त्या ठामपणानं कुणी घरचा किराणासुद्धा लिहीत नाही.

त्यात मिरज पाण्याच्या बाबतीत मुळातच दानशूर. एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानेनं व्याकूळ झालं तेव्हा पाण्याची आगगाडी निघाली ती आमच्या जंक्शनवरून. पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणी, २५ लाख लिटर. पाइप, पंप, अधिकारी, वार्ताहर, हिरवा झेंडा, सगळं साग्रसंगीत. तीन वर्षांनी कृष्णामाई स्वतःच घाट चढून वर आली. तिला ना इंजिन लागलं, ना झेंडा.

शहराचं एक वेळ ठीक आहे. माणूस सामान घेऊन वरच्या मजल्यावरच्या पाहुण्याकडं जातो आणि पाणी उतरेपर्यंत त्याची साखर संपवतो. नदीकाठच्या गावांचं तसं नाही. रस्ता बुडाला, ओढा उलटा फिरला की गावाचं बेट होतं. बेट म्हटल्यावर शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढं नारळाची झाडं आणि पांढरी वाळू येते. आमच्या बेटावरून उसाचे शेंडे दिसतात, मारुतीच्या देवळाचं शिखर दिसतं, आणि शाळेच्या गच्चीवर रवंथ करणाऱ्या म्हशी दिसतात. २०१९ च्या पुरात सीमेपलीकडं रायबाग तालुक्यात एका घराच्या छपरावर मगर चढून बसल्याचा व्हिडिओ साऱ्या देशानं पाहिला. इथल्या लोकांना मगरीचं काही विशेष वाटलं नाही. कृष्णेत मगरी आहेतच. एका आण्णांनी तो तीनदा बघून एवढंच विचारलं, “छप्पर कुन्या गवंड्यानं घातलंय हे? येवढं वजन पेललं!”

आण्णांचा मुद्दा बरोबर होता. बाहेरच्यांचा समज असा, की पुरात घरं पडतात. पुरात घर भिजतं. पडतं ते ऊन पडल्यावर. जुनी घरं पांढरीच्या मातीची, हातभर जाड भिंतींची. आठ-आठ दिवस पाण्यात उभी राहतात. पाणी उतरतं, माणसं छावणीतून परत येतात, चिखल काढतात, देवाची फळी धुऊन पुसून जागेवर लावतात, आणि मग एका स्वच्छ उन्हाच्या दुपारी भिंत निवांतपणे खाली बसते. पंचनामा करणारे तोवर ‘भिंत उभी’ असं लिहून गेलेले असतात.

मग मदत येते. आधी बिस्किटं येतात, मग पाण्याच्या बाटल्या, मग कपडे. कपड्यांच्या गठ्ठ्यांतून लोकांनी वर्षानुवर्षं टाकता न आलेल्या गोष्टी निघतात. एका माळकरी तात्यांच्या वाट्याला तीन तुकड्यांचा सूट आला होता आणि त्यांनी त्यातलं जाकीट दोन हिवाळे उसाला पाणी पाजताना वापरलं. सगळ्यांत शेवटी, दिवाळी उलटून जमीन वाळली की, घरं बांधणारे स्वयंसेवक येतात.

ज्या गावाबद्दल लिहितोय त्याचं नाव मुद्दामच देत नाही. दिलं तर शेजारचं गाव विचारणार, “का? आमच्यात पानी आलं न्हवतं व्हय?” योजना सरळ होती. सरकारी घरकुलाचा पैसा, त्यात एका संस्थेची भर, घरच्यांची मेहनत आणि बाहेरून आलेल्यांचा हातभार. पुण्याहून संगणक कंपन्यांतली मुलंमुली, मिरजेहून राष्ट्रीय सेवा योजनेची कॉलेजची पोरं, आणि मी. मी मिरजेचा, म्हणजे स्थानिक, म्हणजे काहीही न येता सगळीकडं उभं राहण्याचा हक्क असलेला माणूस.

सेवा योजनेच्या पोरांबद्दल एक सांगायला हवं. ही योजना १९६९ ची, गांधीशताब्दीच्या वर्षातली. वर्षाला १२० तास सेवा आणि सात दिवसांचं शिबिर असा हिशेब असतो. त्यामुळं त्या पोरांना गावात कसं राहायचं ते पक्कं ठाऊक असतं: सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, आणि व्याख्यानात झोप. पुण्याची मंडळी उत्साहानं फावडी घेऊन उभी होती, तेव्हा ही पोरं शांतपणे लिंबाच्या सावलीची जागा धरून बसली होती.

गवंडी अथणीकडचे. साठीच्या पुढचे, डोक्याला टॉवेल. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी आणि उरलेलं तंबाखू. सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी रांगेत उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या टी-शर्टांकडं आणि त्याहून नव्या हातमोज्यांकडं पाहिलं. “मोजं काडा. वीट चावत न्हाई,” ते म्हणाले आणि सगळ्यांना विटा भिजवायला बसवलं.

विटा भिजवणं हे काम मुलांना अपमानाचं वाटलं. पण ते करावंच लागतं. कोरडी वीट लावली तर ती मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. म्हणून वीट आधी बुडवायची, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची, मग लावायची. ज्या गावानं सगळं आयुष्य बुडण्यातून बाहेर काढण्यात घालवलं, तिथं घराची सुरुवात पुन्हा बुडवण्यापासूनच होते, यावर मी एक विनोद केला. कुणी हसलं नाही. मामांनी मलाही विटा दिल्या.

त्यानंतर घमेल्यांची साखळी. माल कालवतात तिथून भिंतीपर्यंत माणसं उभी करायची आणि घमेलं हातोहात पुढं द्यायचं. त्यात एक मॅनेजर होते. त्यांनी अर्धा तास मोबाइलवर वेळ मोजला आणि साखळीतली दोन माणसं कमी केली तर काम भराभर होईल हे मामांना पटवून दिलं. मामांनी लगेच मान्य केलं. दोन माणसं कमी केली. त्यातले एक मॅनेजर स्वतः होते.

दुपारी मामा प्रसन्न झाले आणि त्यांनी एका छोट्या भिंतीचा एक थर मुलांना लावू दिला. सूत बांधून दिलं, ओळंबा दिला, थापी दिली. थर झाला, त्याच्यापुढं फोटो झाले, सगळे चहाला गेले. मामा एक शब्द न बोलता तिथं बसले, थापीच्या दांड्यानं एकेक वीट ठोकून पाहिली आणि अकरापैकी नऊ विटा उपसून पुन्हा लावल्या. दोन तेवढ्या ठेवल्या. “या कुनी लावल्यात?” एका मुलीनं बिचकत हात वर केला. मामा तिच्याकडं बघत राहिले. “बाप गवंडी हाय काय तुजा?” बाप बँकेत होता. मामांना फार वाईट वाटलं.

बाहेरचे लोक येऊन गरिबाचं घर बांधतात हा प्रकार महाराष्ट्रानं याहून मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. २००६ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात मळवलीजवळच्या पाटण गावात, विसापूर किल्ल्याच्या पायथ्याशी, अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर पत्नी रोझलिन यांना घेऊन घरं बांधायला आले होते. १९७६ साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सुरू झालेल्या ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेचा तो उपक्रम. शंभर घरं, देशोदेशीचे स्वयंसेवक आणि जेमतेम एक आठवडा. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते. आपल्याकडं माजी सरपंचसुद्धा वीट उचलत नाही. उचललीच तर पायाभरणीची, तीही दुसऱ्यानं हातात दिलेली. हा माणूस मूळचा भुईमुगाचा शेतकरी, त्यामुळं हात चालत होते. तेव्हा पुण्यात चित्रीकरणासाठी आलेला ब्रॅड पिटही तिथं कामाला लागला, क्रिकेटवाला स्टीव्ह वॉही आला. ही सगळी कथा मी जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगितली. सगळे भारावले. मामांनी तंबाखू थुंकून विचारलं, “भिंती वळंब्यात आल्या का?”

त्या संस्थेची एक अट मात्र मामांना पसंत पडली. घर फुकट मिळत नाही. घरच्या माणसांनी पैशाबरोबर घामही भरायचा, आपल्या घरावर राबायचं आणि शेजाऱ्याच्याही. यात कृष्णाकाठाला नवं असं काही नाही. तुझ्या रानात मी दोन दिवस, माझ्या रानात तू दोन दिवस, हा पैरा इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि तो चुकवणाऱ्याच्या पोराला सोयरीक मिळत नाही. इथून फार लांब नाही, खानापूर तालुक्यात, येरळा नदीवर १९८० च्या दशकात दुष्काळी गावांनी मुक्ती संघर्षाच्या चळवळीतून बळीराजा स्मृती धरण उभं केलं, तेव्हाही शहरातली कॉलेजची पोरं श्रमदानाला आली होती. पैसा कुठून आणला? नदीतलीच थोडी वाळू विकून. नदीच्याच पैशानं नदीला बांध घालण्याची ही युक्ती ज्याच्या डोक्यात आली त्याला नमस्कार.

आता घरकुलाचं. प्रधानमंत्री आवास योजनेत, २०१६ पासून, सपाटीवरच्या खेड्यात १ लाख २० हजार मिळतात. घर किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फुटांचं. शिवाय रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे १२ हजार वेगळे. पैसा हप्त्यानं येतो. एक टप्पा झाला की फोटो, फोटो चढला की हप्ता. फोटोत जागा, घर आणि घरमालक तिन्ही हवेत. इथं गोंधळ होई. आम्ही बांधत होतो त्या घराचे मालक दाजी मुळात लाजरे, फोटो म्हटलं की अर्धे भिंतीआड. उलट पुण्याची मंडळी कुणीही मोबाइल वर केला की आपोआप एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी राहत. सरकारी दप्तरात लाभार्थी म्हणून वाकडचा इंजिनिअर हसताना दिसेल, या धास्तीनं ग्रामसेवक अर्धा झाला होता. त्यात मोबाइलला रेंज फक्त उंचावर. जोत्याचा फोटो चढवायला तो पाण्याच्या टाकीवर चढला, कारण गच्ची बांधायला लागणारा पैसा गच्ची नसल्यामुळं अडला होता.

जोत्यावरून तर महाभारत झालं. पुण्याहून आलेल्या आर्किटेक्टचं म्हणणं, घर खांबांवर उचलावं, खाली मोकळं, पाणी खालून निघून जाईल. कागदावर ते फार देखणं दिसत होतं. घरच्या अक्कांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

“म्हस कुठं हाय?”

“म्हैस खाली बांधा ना, अक्का.”

“आन् पानी आल्यावर?”

“मग वर न्यायची. जिन्यानं.”

“चढंल वो. उतरवनार कोन? मागल्या पुरात शाळंवर चढवली ती चार दिस खाली यीना. जिना बघितला की डोळं मिटायची.”

आर्किटेक्ट गप्प झाला आणि मग त्यानं जे केलं त्यामुळं त्याच्याबद्दल माझं मत कायमचं बदललं. त्यानं टेप काढला आणि गोठ्यात जाऊन म्हैस मोजली. पोटाशी रुंदी, पावलाचा टप्पा, मान वर केल्यावरची उंची. म्हशीनं सहकार्य केलं. दोनदा शेपटीनं कागद उडवला, तेवढंच. शेवटी ठरलं ते असं: जोतं पाच फूट, वर पक्का स्लॅब, आणि बाहेरून स्लॅबवर जायला जिन्याऐवजी लांबलचक उतार, म्हशीच्या पोटाहून वीतभर रुंद, पाय घसरू नये म्हणून आडव्या खाचा घातलेला. ५७ फूट पाण्याला पाच फुटांचं जोतं कसं पुरणार, असं बाहेरचे विचारतात. ५७ फूट हे पुलापाशी नदीच्या पात्रात मोजलेले. गावात कुठं कंबरेएवढं, कुठं छपराएवढं. देवळाच्या भिंतीवर साल घालून रेघा मारलेल्या आहेत. गावाचा खरा इंजिनिअर ती भिंत.

या सगळ्यात सर्वांत जास्त कोण राबलं म्हणाल, तर अक्का. त्यांचं घर बांधायला आलेल्या माणसांना जगवण्याचं काम त्यांच्याकडं होतं. पहाटे उठून थापलेल्या भाकऱ्यांची चळत, मटकीची उसळ, खर्डा. शिवाय ‘पोरांना तिखट लागंल’ म्हणून दह्याचं पातेलं. एका मुलीनं अपराधी चेहऱ्यानं सांगितलं की तिला गहू चालत नाही. “बेस झालं,” अक्का म्हणाल्या, “तसाबी न्हाईच.” दुसरा एक तरुण दुपारपर्यंत काहीच खात नसे.

“आज कशाचा उपास?”

“रोजच असतो, अक्का.”

“कुठल्या देवाचा?”

“देवाचा नाही. पोट कमी करायला.”

अक्कांनी त्याच्या हातातल्या घमेल्याकडं पाहिलं, त्याच्या पोटाकडं पाहिलं, आणि काही न बोलता त्याचं घमेलं अर्ध्यावरून काठोकाठ भरलं.

चौकट बसवली त्या दिवशी मात्र गंमत आली. मिरजेतल्या तंतुवाद्यं बनवणाऱ्या गल्लीतला एक कारागीर आपणहून आला होता. त्यानं आयुष्यात सतारी आणि तंबोरे केलेले. दाराशी त्याचा संबंध रात्री कडी लावण्यापुरता. पण लाकूड बघून त्याला राहवेना. चौकट उभी करण्याआधी त्यानं ती बोटाच्या पेरानं खालून वर वाजवत नेली, कान लावला आणि उजव्या बाजूला एका जागी थांबला. “इथं पोकळ आहे.” सुतारानं किंचित रागानं किकरं लावलं. आत किडीनं खाल्लेलं. बाजू बदलावी लागली. सुतारानं तेव्हापासून त्याला प्रत्येक फळी वाजवायला बोलावलं, आणि तोही भक्तिभावानं प्रत्येक फळीपाशी कान देऊन बसू लागला. संडासाच्या दाराबद्दल त्याचं मत फार चांगलं होतं.

स्लॅब पडला तो दिवस सणाचा. सगळं गाव लोटलं. मिक्सरचा धडधडाट, आरडाओरडा, वर फेकली जाणारी घमेली. पुण्याची मंडळी त्या दिवशी खरोखर कामाला आली, कारण तेव्हा कौशल्य नको असतं, नुसती माणसं लागतात. पण दुसऱ्या दिवसापासून पाणी मारायचं असतं. स्लॅबवर मातीचे वाफे करून त्यात पाणी साठवायचं, भिंतींवर सकाळ-संध्याकाळ शिंपायचं, किमान आठवडाभर, जमलं तर दोन. सिमेंटला ताकद येते ती त्या दिवसांत. या कामाला फोटो नाही, गाणं नाही, टी-शर्ट नाही. त्यामुळं त्याला स्वयंसेवकही नाहीत. ते दाजींनी केलं, त्यांच्या पोरांनी केलं, शाळेतून येता-जाता शेजारच्या पोरांनी केलं. ज्या घरातलं पाणी काढायला गेल्या पुरानंतर आठ दिवस लागले होते, तिथं दाजी रोज विहिरीवरून पाइप ओढून पाणी घालत आणि लाइट गेली की महावितरणला शिव्या देत.

वास्तुशांतीला पुण्याची सगळी मंडळी परत आली. शिरा, पुऱ्या, वांग्याची भाजी, कटाची आमटी. म्हशीला हार घालून उतारावरून वर नेली आणि खाली आणली. आर्किटेक्ट श्वास रोखून उभा होता. जेवणं झाल्यावर अक्का त्या उपासवाल्या तरुणापाशी येऊन टेकल्या.

“तुजं घर कुठं हाय रं?”

“वाकडला घेतलंय, अक्का. अकराव्या मजल्यावर.”

“कोन ऱ्हातं?”

“कुणीच नाही. अजून ताबा मिळाला नाही. काम बंद पडलंय.”

“आन् पैसं?”

“हप्ता चालू आहे. वीस वर्षं.”

अक्कांनी पदर सावरला आणि मामांना हाक मारली. “मामा, अकरा मजलं उचलायला किती दिस लागतील?”

मामांनी चुना मळता मळता विचार केला. “मानसं किती?”

अक्कांनी मांडवात पंगतीवरून नजर फिरवली. “तोड संपली की चाळीस-पन्नास निगतील की. याचा पैरा फेडायचाच हाय.”

“वाळू त्याची आसंल तर करू,” मामा म्हणाले.

“पाडवा झाला की येतो बघ,” अक्का त्या तरुणाला म्हणाल्या. “जेवनाचं तेवढं तू बघ. आमच्यात कुनी उपास धरत न्हाई.”